पिछाडीसाठी घडवलेली बंदूक

१० मे १९४० च्या पहाटे बेल्जियममधल्या एबेन-एमाल किल्ल्याच्या माथ्यावर जर्मन ग्लायडर येऊन टेकले. युरोपातल्या सर्वांत बळकट किल्ल्यांत या किल्ल्याची गणना होत असे. त्याच्या तोफा, खंदक, तटबंदी सगळं समोरून चालून येणाऱ्या शत्रूसाठी रचलेलं होतं, आणि शत्रू उतरला तो थेट डोक्यावर. शंभराच्या आत माणसांनी किल्ला जायबंदी केला आणि दुसऱ्या दिवशी तो शरण आला. पुढच्या सहा आठवड्यांत फ्रान्सही गेला. जर्मन रणगाडे समोरची फळी एका ठिकाणी फोडत आणि तिथे झुंजत न बसता सुसाट मागे घुसत. मागे म्हणजे जिथे तोफखाना असतो, दारूगोळ्याचे ट्रक उभे असतात, मुदपाकखाना चाललेला असतो आणि नकाशे पसरून अधिकारी बसलेले असतात.

अटलांटिकपलीकडे अमेरिकी लष्कर हे सगळं पाहत होतं. आघाडी कुठली न् पिछाडी कुठली हेच उद्या कळणार नसेल, तर पिछाडीच्या माणसाच्या हातात द्यायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला. त्यातून जी बंदूक निघाली ती एम-१ कार्बाइन. १९४२ ते १९४५ या काळात तिचे साठ लाखांहून अधिक नग तयार झाले. त्या युद्धात अमेरिकेने दुसरी कुठलीही बंदूक एवढ्या संख्येने बनवली नाही. (आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली ‘कार्बाइन’ ही नव्हे. ती स्टर्लिंग, पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी धडाधड झाडणारी. हिची जात वेगळी.)

सैन्य म्हटलं की रायफल खांद्याला लावलेला शिपाई डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात पलटणीतली बरीच माणसं दुसऱ्याच कामांना जुंपलेली असतात. अमेरिकी पायदळाची ८१ मिलिमीटरची उखळी तोफ साठ किलोंहून जड होती. नळी एकाच्या खांद्यावर, दुपायी दुसऱ्याच्या, खालची जाडजूड बैठक तिसऱ्याच्या, आणि मागून गोळे वाहणारे वेगळेच. शिवाय टेलिफोनच्या तारेचं रीळ उलगडत पळणारा, ट्रक हाकणारा, आचारी, कारकून, आणि दुर्बीण नि नकाशा सांभाळत माणसं हलवणारा लेफ्टनंट. या सगळ्यांपुढे १९४० साली दोनच वाटा होत्या. एक गारांड रायफल. ती १९३६ साली सैन्यात आलेली, उत्तम, पण लांबी एक मीटरच्या वर आणि वजन सव्वाचार किलोंच्या पुढे. ज्यांनी एनसीसीत थ्री-नॉट-थ्री खांद्यावर घेऊन मैदानाच्या फेऱ्या मारल्या आहेत त्यांना या वजनाबद्दल काही सांगायला नको. दुसरी वाट म्हणजे कमरेचं पॉइंट ४५ पिस्तूल. ते अंगावर बाळगायला सोपं आणि जवळून मारलं तर जबर. पण पंचवीस पावलांपलीकडे बेताच्या सरावाच्या माणसाचा नेम लागला तर तो नशिबानेच.

या दोहोंमधलं काहीतरी द्या, अशी मागणी पायदळाच्या प्रमुखांनी १९३८ सालीच केली होती. ती फेटाळली गेली. शांततेच्या काळात कारकुनासाठी नवी बंदूक मागणाऱ्याचं कोण ऐकणार? १९४० च्या उन्हाळ्यात, बेल्जियम आणि फ्रान्सच्या बातम्या ताज्या असताना, तीच मागणी पुन्हा वर गेली आणि मंजूर झाली.

१ ऑक्टोबर १९४० रोजी बंदूक बनवणाऱ्यांना अटी कळवण्यात आल्या. वजन पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोंच्या आसपास. मारा ३०० यार्डांपर्यंत. चालताना, चढताना, ओझं वाहताना पट्ट्याने अंगाला अडकवून ठेवता येईल अशी बांधणी. काडतूस लष्कराने ठरवूनच दिलं होतं. विंचेस्टर कंपनीने आपल्या १९०५ सालच्या एका शिकारी रायफलीच्या काडतुसावरून ते बेतलं होतं. सरळ नळकांड्यासारखी पितळी टोपी, सात ग्रॅमची बोथट नाकाची गोळी, वेग सेकंदाला सहाशे मीटर. गोळीतला जोर पिस्तुलाच्या अडीच पटींहून जास्त आणि गारांडच्या एक-तृतीयांशाहून थोडा वर. हे प्रमाण लक्षात ठेवावं. या बंदुकीचं पुढे जे कौतुक झालं आणि जी बदनामी झाली, त्या दोहोंचं मूळ इथे आहे.

काडतूस विंचेस्टरचं, पण बंदुकीच्या स्पर्धेत विंचेस्टर उतरली नव्हती. गारांड बनवण्याच्या कंत्राटात ती गळ्यापर्यंत बुडालेली. १९४१ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या चाचणी मैदानावर बाकीच्यांचे नमुने आले. त्यांत खुद्द जॉन गारांडचाही एक होता. कुणाचं वजन जास्त, कुणाची यंत्रणा अडकते. एकही नमुना लष्कराच्या पसंतीस उतरला नाही.

इथे रेने स्टड्लर हा लष्कराचा शस्त्रविकास अधिकारी पुढे आला. विंचेस्टरच्या कारखान्यात मोठ्या काडतुसाची एक हलकी स्वयंचलित रायफल घडत होती, हे त्याला ठाऊक होतं. तिची सुरुवात केली होती जोनाथन ब्राउनिंगने, म्हणजे जगप्रसिद्ध जॉन ब्राउनिंगच्या सावत्र भावाने. तो १९३९ साली वारला आणि काम डेव्हिड मार्शल विल्यम्स नावाच्या माणसाकडे आलं. हीच रायफल लहान करून त्या नव्या काडतुसासाठी देता येईल का, असं स्टड्लरने विचारलं. विंचेस्टरचा एडविन पग्स्ली ‘येईल’ म्हणाला आणि कामाला लागला.

विल्यम रोमर, फ्रेड ह्यूमस्टन आणि आणखी तीन इंजिनिअर. त्यांनी तेरा दिवसांत चालती बंदूक उभी केली. नवं घडवत बसायला वेळच नव्हता. चापाची सगळी यंत्रणा १९०५ सालच्या त्या शिकारी रायफलीची उचलली, गारांडचा दांडा घेऊन कापून-वाकवून बसवला, आणि उरलेलं हाताने घडवलं. असा हा जोडाजोडीचा मामला ऑगस्ट १९४१ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांपुढे ठेवला, आणि तो त्यांना एकदम पसंत पडला. मग सुमारे महिनाभरात नीटनेटका दुसरा नमुना तयार करून सप्टेंबरच्या अंतिम चाचणीत उतरवला. ३० सप्टेंबरला निवड झाली आणि २२ ऑक्टोबर १९४१ रोजी तिला अधिकृत नाव मिळालं. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला अजून दीड महिना होता. सरकारी खरेदीच्या इतिहासात इतक्या झटपट झालेली आणि तरीही न फसलेली कामं फार सापडत नाहीत.

आता विल्यम्सकडे वळू, कारण हॉलिवूडने सिनेमा काढला तो त्याच्यावर.

नॉर्थ कॅरोलायनातलं गॉडविन हे त्याचं गाव. दारूबंदी नुकतीच लागू झालेली आणि विल्यम्सची हातभट्टी जोरात. जुलै १९२१ मध्ये भट्टीवर धाड पडली, गोळ्या सुटल्या आणि आल्फ्रेड पेट हा डेप्युटी शेरीफ मारला गेला. खुनाच्या खटल्यात ज्युरीचं एकमत होईना. दुसऱ्या खटल्याला सामोरं जाण्याऐवजी विल्यम्सने दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा तीस वर्षांची लागली. त्याची रवानगी कॅलेडोनियाच्या तुरुंग-शेतावर झाली. तिथल्या पीपल्स नावाच्या अधीक्षकाने या कैद्याच्या हातातलं कसब ओळखलं आणि त्याला यंत्रशाळेत काम दिलं. पहारेकऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करता करता विल्यम्स भंगारातून आपल्या बंदुका घडवू लागला. ज्याने पोलिसाच्या खुनाची कबुली दिली, तो पहाऱ्यात बसून रायफली बनवतोय आणि अधीक्षक ते चालू देतोय! आई त्याला बंदुकांविषयीची माहिती आणि पेटंटच्या वकिलांचे पत्ते पाठवत असे. सुटकेसाठी खटपट सुरू झाली तेव्हा त्याला पकडणारा शेरीफ आणि मेलेल्या पेटची बायको या दोघांनीही त्याच्या बाजूने शब्द टाकला. गव्हर्नर मॅक्लीनने शिक्षा कमी केली आणि १९२९ साली विल्यम्स बाहेर आला. दहा वर्षांनी तो विंचेस्टरमध्ये रुजू झाला.

एवढं कथानक आयतं हाती आल्यावर एमजीएम कशाला सोडेल? १९५२ साली ‘कार्बाइन विल्यम्स’ आला, नायक जेम्स स्ट्युअर्ट. त्या दिवसापासून कार्बाइन म्हणजे तुरुंगातल्या एकट्या कैद्याच्या डोक्यातून निघालेली बंदूक, असं लोकांनी मनाशी धरलं ते आजतागायत. प्रत्यक्षात त्या तेरा दिवसांत विल्यम्स त्या टोळीत नव्हताच. तो आपल्या गतीने, आपल्या पद्धतीने काम करणारा आणि कुणाचं ऐकून न घेणारा माणूस होता. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी तो कामात आला. ही बंदूक कुण्या एकाची नाही, हे पग्स्लीने पुढे स्पष्टपणे सांगून ठेवलं. मला स्वतःला पाच माणसांनी जुन्या बंदुकांचे भाग जुळवत काढलेले ते तेरा दिवस जास्त थरारक वाटतात. पण पाच इंजिनिअरांच्या कमिटीवर कोण सिनेमा काढणार?

विल्यम्सचं देणं मात्र अस्सल होतं. बंदुकीत गोळीमागचा तप्त वायू थोडासा वळवून त्याच्या जोरावर पुढचं काडतूस भरायचं, ही युक्ती जुनीच. गारांडमध्ये वायूसाठीचं छिद्र नळीच्या पार तोंडाशी होतं, आणि तिथपासून मागेपर्यंत लांबलचक दांडा सरकत यायचा. विल्यम्सच्या रचनेत ते छिद्र काडतुसाच्या खोलीपासून जेमतेम चार-साडेचार इंचांवर. वायूचा दाब तिथे भयंकर असतो. त्याच्यासमोर अंगठ्याच्या पेराएवढा एक छोटा दट्ट्या. वायू आला की हा दट्ट्या तीन-चार मिलिमीटर उडतो आणि तिथेच थांबतो. पण तेवढ्यात त्याने मागच्या सरक्या दांड्याला ठोसा दिलेला असतो. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला भिडून जागच्या जागी थांबतो आणि सोंगटी मात्र सुटते, तसं. सुटलेला दांडा मागे जाताना बोल्ट फिरवून उघडतो, रिकामी टोपी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या रेट्याने परत येताना पुढचं काडतूस घेऊन येतो. हलणारं वजन कमी, लांबी कमी, म्हणून सगळी बंदूकच कमी. तयार झालेल्या कार्बाइनची लांबी नव्वद सेंटिमीटर आणि रिकामी असताना वजन अडीच किलोंच्या आत. मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसं, तर गारांडमध्ये आठ.

हातात घेऊन पाहिली की तिच्यातल्या बारीकसारीक सोयी ध्यानात येतात. लाकडी दस्त्यात आरपार एक खाच आहे. खांद्याचा कापडी पट्टा त्या खाचेतून घालायचा आणि पट्ट्याच्या वळशात तेलाची छोटी नळकांडी अडकवायची. ती नळकांडीच पट्ट्याला पकडून ठेवते. बंदुकीला तेल लागेल तेव्हा नळकांडी हाताशीच, वेगळी कडी नको, वेगळा खिसा नको. दुसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. त्या काळच्या अमेरिकी रायफलीच्या काडतुसांत ठिणगी पाडणारा मसाला असा असे की गोळ्या झाडल्यावर नळी पाण्याने धुतली नाही तर ती गंजायची. स्वयंपाक्याने किंवा ट्रक ड्रायव्हरने रोज नळी धुवावी अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, हे ओळखून कार्बाइनच्या काडतुसांत पहिल्यापासून न गंजवणारा मसाला वापरला. बंदूक कुणासाठी आहे हे करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, याचा याहून चांगला पुरावा नाही.

चुकाही होत्याच. चापाच्या पुढे दोन बटणं शेजारीशेजारी. एक सुरक्षा-खटक्याचं, दुसरं मॅगझिन सोडण्याचं. अंधारात, घाईत, थंडीने बधिर बोटांनी शिपाई खटका दाबायला जायचा आणि मॅगझिन पायाशी पडायचं. शेवटी खटक्याचं बटण काढून तिथे फिरवायची तरफ बसवली. नेम धरायची मागची साइटही सुरुवातीला नुसती दोन भोकांची पत्री होती, १५० आणि ३०० यार्डांसाठी उलटवायची. तीही नंतर बदलली.

साठ लाख बंदुका करायच्या म्हणजे एकट्या विंचेस्टरचं काम नव्हे. तिने त्यांतल्या सव्वाआठ लाख केल्या. सर्वांत जास्त, सव्वीस लाखांवर, केल्या जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाने, ओहायोतल्या डेटन शहरात. ही मंडळी मूळची मोटारींची स्टिअरिंग चाकं बनवणारी. अंडरवुड टाइपरायटर कंपनीने साडेपाच लाखांच्या आसपास केल्या. टपालाच्या शिक्क्यांची यंत्रं करणारी एक कंपनी होती. आयबीएम होती, तीन लाखांहून अधिक बंदुकांवर तिचं नाव कोरलेलं आहे. आणि शिकागोची रॉक-ओला होती. एके काळी मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलात चार आणे टाकून गाणं लावायचा जो ज्यूकबॉक्स असे, तसले ज्यूकबॉक्स ही कंपनी करायची. मालकाचं आडनावच रॉकोला, डेव्हिड रॉकोला. त्याच्या कारखान्यातून सव्वादोन लाखांवर कार्बाइन बाहेर पडल्या. मिशिगनमधल्या आयर्विन-पीडरसन या कंपनीला मात्र ते जमलं नाही. तिच्या बंदुका लष्कराने घेतल्याच नाहीत, आणि कारखाना सॅगिनॉ स्टिअरिंग गिअरच्या ताब्यात गेला. बाकीच्या कंपन्यांनी एक समिती करून सुटे भाग आपसांत फिरवले. कुणाकडे नळ्या जास्त झाल्या की त्या दुसऱ्याकडे, कुणाला बोल्ट कमी पडले की तिसऱ्याकडून. त्यामुळे एकाच बंदुकीत टाइपरायटरवाल्याची नळी, स्टिअरिंगवाल्याचा दस्ता आणि हिशेबयंत्रवाल्याची चौकट सुखाने नांदत. एकाचा भाग दुसऱ्याच्या बंदुकीत विनातक्रार बसलाच पाहिजे, ही अट होती आणि ती पाळली गेली.

आता ही बंदूक लढाईत कशी निभावली ते पाहू. पिछाडीसाठी केलेली गोष्ट पिछाडीला राहीना, ही तिची खरी अडचण झाली. हलकी, सुटसुटीत, धक्का नाही, पंधरा गोळ्या. ज्याने ती हातात घेतली त्याला आपली जड रायफल नकोशी वाटू लागली. छत्रीधारी सैनिकांसाठी इनलँडने दुमडत्या दस्त्याची एम-१ए१ काढली. लाकडाऐवजी तारेची चौकट, तिच्यावर गालाला टेकायला चामड्याचा तुकडा. तिचे सुमारे एक लाख चाळीस हजार नग निघाले. नॉर्मंडीत ५-६ जून १९४४ च्या रात्री विमानांतून उड्या टाकणाऱ्यांत ती कितीतरी जणांच्या अंगावर होती. छत्रीधारी पिछाडीचा नव्हेच. तो उतरतो तोच शत्रूच्या मधोमध.

जेम्स गॅव्हिनला याचा चटका आधीच बसला होता. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत बियात्सा टेकडीवर त्याच्या छत्रीधारी रेजिमेंटची जर्मन रणगाड्यांशी गाठ पडली. ऐन धुमश्चक्रीत त्याची कार्बाइन अडकली. त्यानंतर कर्नल असूनही, आणि पुढे जनरल झाल्यावरही, गॅव्हिन साध्या शिपायासारखी गारांड खांद्याला लावून फिरला. पॅसिफिकच्या जंगलांत मतं दोन्ही टोकांची. गस्तीवर आठवडाभर चालणारे तिच्या वजनावर खूश, तर रोज चकमकी झेलणारे मरीन म्हणत की झाडोऱ्यातून गोळी पार जात नाही.

दुसऱ्या बाजूला फ्रान्समधल्या होल्ट्झव्हीर गावाजवळचा २६ जानेवारी १९४५ चा दिवस. जमिनीवर बर्फ, समोरून जर्मन रणगाडे आणि त्यांच्यामागे पायदळ. एकोणीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट ऑडी मर्फी आपल्या माणसांना रानात मागे पाठवून स्वतः एकटा थांबला. एका हातात टेलिफोन, त्यावरून तो तोफखान्याला मारा कुठे टाकायचा ते सांगतोय, आणि मध्ये मध्ये कार्बाइन झाडतोय. काडतुसं संपल्यावर तो शेजारच्या पेटलेल्या रणगाडाभेदी गाडीवर चढला आणि तिच्यावरच्या मशीनगनने लढत राहिला. अमेरिकेतलं सर्वोच्च शौर्यपदक त्याला या लढाईसाठी मिळालं. १९४० साली अटी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असाच अधिकारी होता. ज्याचं मुख्य हत्यार टेलिफोन आहे आणि बंदूक हातघाईची वेळ आली तर.

पण सैन्याच्या मागण्या वाढतच गेल्या. हिला संगीन लावता यायला हवी, अशी ओरड झाली, म्हणून शेवटी संगिनीसाठी नळीवर खुंटी बसवली. स्वयंपाक्याच्या बंदुकीला संगीन! मग १९४४ मध्ये एम-२ आली. चाप दाबून धरला की धडाधड सुटणारी, आणि तिच्यासाठी तीस गोळ्यांचं लांब वाकडं मॅगझिन. ओकिनावात रात्री सरपटत ठाण्यात शिरणाऱ्या जपान्यांसाठी कार्बाइनवर इन्फ्रारेड दिवा आणि दुर्बीण चढवली. बॅटरी पाठीवरच्या पिशवीत. दिसायचं सत्तरेक यार्डांपर्यंतच, पण काळोखात सरपटणाऱ्याला आपण दिसतोय याची कल्पना नसे. अडीच किलोंची बंदूक या सगळ्या संसारासकट बारा-तेरा किलोंवर गेली. जिच्या जन्माचं कारणच वजन होतं, तिचं हे असं झालं.

कोरियाच्या युद्धात तिचं नाव पुरतं खराब झालं. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चोसिन जलाशयाभोवती पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली उतरला. तेल गोठून डिंकासारखं झालं, एम-२ ची हलकी यंत्रणा रुसू लागली, तीस गोळ्यांची मॅगझिन दगा देऊ लागली. आणि रात्रीच्या अंधारात कापूस भरलेले जाड कोट घालून चिनी सैनिक लाटांमागून लाटा येत होते. गोळ्या कोटातून आत जातच नाहीत, अशी वदंता पसरली. त्या हिवाळ्यात सैनिकांशी बोलून अहवाल लिहिणाऱ्या एस. एल. ए. मार्शललाही कार्बाइनवरचा विश्वास उडालेले कितीतरी जण भेटले, तर गारांडची मात्र स्तुतीच ऐकायला मिळाली. कोटाची गोष्ट खरी नव्हे. नंतर अनेकांनी कापसाचे थर रचून गोळ्या झाडून पाहिल्या आहेत आणि गोळी खुशाल पार जाते. कुडकुडत्या हातांनी, धडाधड झाडलेल्या, नळी वर उचलत गेलेल्या माऱ्यातल्या बऱ्याच गोळ्या लागल्याच नसाव्यात. पण ज्याने समोरचा माणूस न थांबता येताना पाहिला त्याला हे पटवून देणार कोण? शिवाय तक्रारीत तथ्य होतंच. गारांडच्या एक-तृतीयांश जोराची गोळी घेऊन सैनिक गारांडचं काम करत होते.

याच काळात एक मोठी संधी अमेरिकेच्या हातून निसटली असं मला वाटतं. जर्मनांनी युद्धाच्या उत्तरार्धात स्टुर्मगेवेर-४४ काढली. तिच्या काडतुसाच्या टोपीची लांबी कार्बाइनच्या काडतुसाइतकीच, तेहतीस मिलिमीटर. पण गोळी टोकदार आणि जोर जवळपास दीडपट. तीस गोळ्यांचं मॅगझिन, एकेक किंवा धडाधड, हवं तसं. रशियन त्याच वाटेने एके-४७ पर्यंत पोहोचले. अमेरिकेकडे १९४४ साली एम-२ कार्बाइन होती. कल्पना तीच, फक्त काडतूस थोडं दमदार हवं होतं. पण कार्बाइन म्हणजे बिनलढवय्यांची सोय, हे लष्करी मंडळींच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की तिच्यातून पायदळाची पुढची रायफल निघू शकते हा विचार मूळ धरेना. १९५७ साली त्यांनी एम-१४ स्वीकारली. तिने गारांड, कार्बाइन, एक हलकी मशीनगन आणि एक सबमशीनगन अशा चौघांची जागा घ्यायची होती. ती पुन्हा चार किलोंच्या वर आणि पुन्हा मीटरभराहून लांब. कारकून आणि रेडिओवाले फिरून होते तिथेच आले.

खुद्द कार्बाइन तोवर जगभर पांगली होती. जुलै १९४५ मध्ये अमेरिकी हेरखात्याची ‘डिअर टीम’ ही छोटी तुकडी उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात छत्रीने उतरली आणि जपान्यांविरुद्ध लढण्यासाठी तिने हो चि मिन्हच्या काही माणसांना अमेरिकी हत्यारं चालवायला शिकवलं. त्या हत्यारांत कार्बाइनही होत्या. पुढे फ्रेंचांनी तिथे त्याच बंदुका वापरल्या, आणि नंतर दक्षिण व्हिएतनामच्या फौजेला अमेरिकेने त्या लाखांनी दिल्या. लहान चणीच्या सैनिकांना ती गारांडपेक्षा खूपच सोयीची वाटे. त्यांतल्या कित्येक हिसकावल्या जाऊन व्हिएत काँगकडे पोहोचल्या, नळी-दस्ता कापून आणखी आखूड झालेल्या. अमेरिकेत १९६३ साली सरकारने उरलेल्यांपैकी दोन लाखांवर कार्बाइन रायफल संघटनेच्या सभासदांना प्रत्येकी वीस डॉलरला विकून टाकल्या.

विल्यम्स १९७५ साली वारला. गॉडविनमधली त्याची कर्मशाळा उचलून रॅलेच्या इतिहास संग्रहालयात मांडली गेली. रोमर आणि ह्यूमस्टन यांची नावं बंदुकांच्या दर्दी मंडळींखेरीज कुणाला ठाऊक नाहीत.

१९९४ साली अमेरिकी लष्कराने एम-४ कार्बाइन घेतली. यंत्रणा निराळी, गोळी निराळी, पण यादी ओळखीची: रणगाड्यातले, वाहनांवरचे, लांब रायफल ज्यांच्या कामात आडवी येते ते. इराक आणि अफगाणिस्तानात घराघरांत शिरून लढताना पायदळाने तीच मागून घेतली. २०१५ मध्ये मरीन कोअरनेही आपल्या पायदळाकडची लांब एम-१६ काढून एम-४ दिली, आणि त्या जुन्या लांब रायफली मागच्या तुकड्यांकडे, कारकून आणि ड्रायव्हरांकडे, पाठवून दिल्या.